दागिने घडवणाऱ्यांचे फुप्फुसविकार

सोने शरीराला जवळजवळ काहीच करत नाही. ते गंजत नाही, घामाने विरघळत नाही, अम्लराज सोडले तर साध्या आम्लांना दाद देत नाही. म्हणून तर दाताला सोन्याची टोपी बसवता येते. तरीही दागिने घडवणाऱ्यांचा धंदा फुप्फुसांच्या दृष्टीने जगातल्या धोक्याच्या धंद्यांत मोडतो. त्याचे कारण सोन्यात नाही, सोन्याच्या सोबत्यांत आहे. सोने शुद्ध करायला तेजाब लागते, ओतायला साचा लागतो, जोडायला झाळ लागते, चकाकी आणायला पॉलिशची पूड लागते आणि शेजारी बसवायला घासलेला खडा लागतो. तयार दागिन्यात यांतले बहुतेक पदार्थ उरत नाहीत. ते उडून जातात, जळून जातात, झिजून जातात. जातात म्हणजे कुठे, तर आधी कारागिराच्या नाकासमोरच्या हवेत.

हवेतला प्रत्येक कण फुप्फुसात खोल पोचतो असे नाही. डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ नाकातल्या केसांत आणि घशाच्या चिकट अस्तरात अडकते आणि शिंकेवाटे किंवा थुंकीवाटे बाहेर पडते. खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची. दहा मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा लहान कण श्वासनलिकेत उतरतात. त्यांतले साधारण पाच मायक्रॉनच्या खालचे कण श्वासमार्गाच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. इथेच प्राणवायू रक्तात जातो, त्यामुळे त्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात. तिथे सफाईचे काम करणाऱ्या भक्षक पेशी आलेला कण गिळतात आणि वर ढकलून देतात. कण निरुपद्रवी असेल तर प्रकरण तिथेच मिटते. काही कण मात्र गिळणाऱ्या पेशीलाच मारतात.

त्यांतला सर्वांत जुना गुन्हेगार म्हणजे स्फटिकरूप सिलिका. वाळू, गारगोटी, अकीक, स्फटिक ही सगळी याच द्रव्याची रूपे. सिलिकाचा कण भक्षक पेशीत शिरला की ती पेशी फुटते, तिच्यातली दाहक रसायने बाहेर पडतात, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही फुटते. हे चक्र थांबत नाही. दाहाच्या जागी शरीर व्रणासारखे तंतुमय ऊतक तयार करत राहते आणि स्पंजासारखे मऊ फुप्फुस गाठीगाठींनी कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. कारखाना सुटला, धूळ संपली, तरी आत अडकलेले कण आपले काम चालूच ठेवतात. झालेली इजा भरून काढणारे औषध नाही.

किती धूळ पुरते? अमेरिकेतील 2016 च्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या हवेत दर घनमीटरमागे सरासरी 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त श्वसनयोग्य सिलिका असू नये. पाळीभरात काम करणारा माणूस सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा झाली. सोनाराच्या भाषेत सांगायचे तर तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, आणि त्यातल्या एका गुंजेचा सुमारे अडीचशेवा भाग. गुंजभर सोन्यासाठी घासाघीस होणाऱ्या धंद्यात इतकी बारीक तूट कुणाच्या तराजूवर दिसणार नाही. वीस वर्षांत मात्र तिचे तीन ग्रॅम होतात, आणि त्यातला जो थोडा भाग आत टिकून राहतो तेवढाही पुरेसा असतो.

सिलिकाचा हा मार्ग भारतात सर्वांत ठसठशीत दिसतो तो गुजरातमधील खंभात येथे. अकिकाचे मणी करण्याचा इथला व्यवसाय हडप्पा काळापर्यंत मागे जातो. खंभातच्या आखाताजवळ असलेल्या लोथल येथे मण्यांचा कारखाना उत्खननात सापडला आहे, आणि सिंधू प्रदेशातील तांबड्या अकिकाचे मणी मेसोपोटेमियातील ऊर येथील राजथडग्यांत मिळाले आहेत. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या बाजूने येतो. त्याचे मूळ दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका थराथराने साचून अकीक बनला. महाराष्ट्रातल्या बेसाल्टच्या खाणीत आणि नदीपात्रात सापडणारे रंगीत पट्ट्यांचे खडे याच कुळातले.

अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मंद आचेवर भाजतात. त्याने त्यातल्या लोहाचा रंग तांबडा होतो. पुढे तो फोडून, टवके काढून घडवतात आणि शेवटी घासतात. पूर्वी ही घासणी हाताने, पाण्याबरोबर आणि सावकाश चाले. विजेवर फिरणारे एमरीचे चाक आले आणि उत्पादन वाढले; धूळही त्याच पटीत वाढली. कोरड्या चाकावर दगड धरला की पिठाच्या गिरणीसारखा पांढरा धुरळा उठतो. ही चाके बहुधा घरात किंवा घराला लागून असलेल्या पडवीत असतात. म्हणून धूळ घासणाऱ्याच्या छातीतच जाते असे नाही. मणी ओवणाऱ्या बायका, अंगणात खेळणारी मुले आणि ज्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही असे शेजारीही ती श्वासाबरोबर घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे 1966 साली सुरू झालेल्या आणि 1970 पासून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, खंभातच्या कारागिरांची तपासणी करून सिलिकोसिस आणि क्षय या दोन्हींचे मोठे प्रमाण नोंदवले. धूळ ओढून घेणारी यंत्रणाही संस्थेने तयार करून दाखवली.

सिलिकोसिस आणि क्षय यांची जोडी योगायोगाची नाही. क्षयाच्या जंतूला आवरणाऱ्या पेशी त्याच, ज्यांना सिलिका मारते. त्यामुळे सिलिकाची धूळ खाल्लेल्या फुप्फुसात क्षय सहज मूळ धरतो. याची दुसरी बाजू अशी की दोन्ही आजारांत खोकला, दम आणि वजन घटणे सारखेच दिसते. क्षयाचे औषध चालू होते, गुण येत नाही, पुन्हा चालू होते. व्यवसाय न विचारता केलेले निदान या धंद्यात बरेचदा अर्धेच ठरते.

दगड न घासणाऱ्यालाही सिलिका गाठते. आजचे बहुतेक ठरावीक नक्षीचे दागिने ओतीव असतात. मेणाचे नमुने झाडासारखे एका दांड्यावर लावायचे, ते प्लास्टरसारख्या लगद्यात बुडवायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत सोने ओतायचे. हा लगदा ज्या पुडीपासून बनतो तिला बाजारात इन्व्हेस्टमेंट पावडर म्हणतात. तिच्यात जिप्समबरोबर क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचे दोन स्फटिक असतात, कारण भट्टीची उष्णता साध्या प्लास्टरला झेपत नाही. पूड पोत्यातून काढून पाण्यात मिसळताना आणि साचा फोडून कोरडा चुरा झाडताना ती उडते. कास्टिंगचे काम दगडफोडीसारखे दिसत नाही, स्वच्छ खोलीत चालते, म्हणून संशय उशिरा येतो. इटलीतील डॉक्टरांनी 2007 साली सोन्याच्या दागिन्यांच्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस दाखवून दिला, तेव्हा त्यांना त्याची नोंद जुना धोका नव्या ठिकाणी अशी करावी लागली.

पॉलिशच्या मोटरीवर प्रकार थोडा वेगळा. चांदीला शेवटचा हात देण्यासाठी जी तांबडी पूड वापरतात ती लोखंडाचे ऑक्साइड. फिरत्या बफवरून तिचा आणि चांदीचा भुगा एकत्र उडतो. ब्रिटनमध्ये 1947 साली चांदीला झिलई करणाऱ्यांच्या फुप्फुसांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्या स्थितीला अर्जिरो-सिडेरोसिस हे जोडनाव मिळाले: लोहाचे कण साचलेले आणि चांदीने लवचीक तंतू रंगलेले. एक्स-रेवर अशी छाती भयंकर दिसते, पण लोह सिलिकासारखे पेशी मारत नसल्याने माणसाला त्रास कमी होतो. फसगत उलट दिशेनेही होते. ट्रिपोली नावाची तपकिरी पूड रंगाने याच तांबड्या पुडीची बहीण वाटते, प्रत्यक्षात तिच्यात सिलिका असते.

हिऱ्याच्या बाबतीत तर दोष ना हिऱ्याचा ना दगडाच्या धुळीचा. हिरा म्हणजे कार्बन. तो परंपरेने ओतीव लोखंडाच्या तबकडीवर, तेलात कालवलेल्या हिऱ्याच्याच भुकटीने घासला जातो. बेल्जियममधील अँटवर्प येथे 1970 च्या दशकात वेगाने फिरणाऱ्या नव्या तबकड्या आल्या. त्यांच्या पृष्ठभागावर हिऱ्याचे सूक्ष्म कण कोबाल्ट धातूत बसवलेले होते. पैलू लवकर पडू लागले. पण तबकडी झिजली की कोबाल्टची बारीक धूळ हवेत मिसळे. काही कारागिरांना कोरडा खोकला आणि दम लागू लागला, आणि 1984 साली ल्यूवेनच्या मॉरिस डेमेड्ट्स आणि सहकाऱ्यांनी हिरे घासणाऱ्यांमधील कोबाल्ट-फुप्फुसाचे वर्णन केले. फुप्फुसाच्या तुकड्यात अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी दिसत. त्यांनी शेजारच्या पेशी गिळलेल्या असत. असा आजार तोवर टंगस्टन कार्बाइडची कठीण हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यांत ठाऊक होता आणि दोष टंगस्टनचा की कोबाल्टचा हा वाद होता. अँटवर्पच्या तबकड्यांत टंगस्टन कार्बाइड नव्हतेच. त्यामुळे हिऱ्याच्या कारागिरांनी नकळत एका वैद्यकीय वादाचा निकाल लावला. हा आजार धुळीच्या वजनाशी सरळ प्रमाणात चालत नाही. शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाला होतो, दुसऱ्याला होत नाही. वेळीच काम बदलले तर काही जण बरे होतात, हाही सिलिकोसिसपेक्षा फरक.

आता धूर. दागिन्याचे सांधे झाळीने जोडतात. झाळीचा धातू दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे, म्हणून सोन्यात तांबे आणि चांदी वाढवून ती केली जाई. त्यामुळे दागिना मोडताना कस उतरायचा आणि गिऱ्हाइकाला बट्टा सोसावा लागायचा. यावर तोडगा म्हणून कॅडमियम आले. सुमारे 92 टक्के सोने आणि 8 टक्के कॅडमियम अशी झाळ सोन्याची शुद्धता फारशी घटवत नाही आणि लवकर वितळते. कॅडमियम 321 अंश सेल्सिअसला वितळते आणि 767 अंशांना उकळते. फुंकणीची किंवा गॅसची ज्योत याहून खूप तापलेली असते. म्हणजे झाळ देताना कॅडमियमचा बराच भाग वाफ होऊन उडतो. अशा झाळीच्या दागिन्यांसाठी ‘केडीएम सोने’ ही पाटी अनेक वर्षे पेढ्यांवर शुद्धतेची खूण म्हणून झळकत होती. ती शुद्धता अंशतः कारागिराच्या श्वासाने भागवलेली होती, हे पाटीवर लिहिण्याचे कारण नव्हते.

कॅडमियमच्या धुराचे वैशिष्ट्य त्याच्या फसव्या सुरुवातीत आहे. पितळ वितळवणाऱ्यांना जस्ताच्या धुराने काही तासांनी ताप, थंडी, अंगदुखी होते आणि दीड-दोन दिवसांत आपोआप उतरते. कारागीर त्याला सरावलेले असतात. कॅडमियमची विषबाधाही अशीच फ्लूसारखी सुरू होते, पण ती उतरण्याऐवजी फुप्फुसात पाणी भरू शकते आणि माणूस दगावू शकतो. थोड्या थोड्या मात्रेने वर्षानुवर्षे घेतलेला धूर वायुकोशांच्या भिंती नष्ट करतो आणि मूत्रपिंडेही बिघडवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1993 साली कॅडमियमला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. युरोपीय संघाने 2011 मध्ये दागिने आणि झाळीच्या काड्या या दोन्हींत त्यावर बंदी आणली. भारतात हॉलमार्कच्या मानकांत कॅडमियमच्या झाळीला स्थान नाही, आणि जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. जस्त आणि इंडियमच्या झाळी हा पर्याय उपलब्ध आहे.

झाळीखालचा पाटही एकेकाळी धोक्याचा होता. ज्योतीखाली जळणार नाही असा तक्ता म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापून वापरत. घासून, कापून, तापून त्यांचे तंतू सुटत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील एका मूलनिवासी वस्तीत, जिथे चांदीचे दागिने घडवणे हा घरगुती व्यवसाय आहे, फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण एकत्र आढळले. 1988 साली त्याची नोंद झाली आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या या वापराकडे बोट दाखवले गेले. हा कर्करोग संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी उगवतो. तोवर तो तक्ता कधीच फेकून दिलेला असतो.

वायूंच्या धोक्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत सोन्याचांदीच्या गलाईचे काम करतात. केरळ-तमिळनाडूपासून बंगालपर्यंत सराफकट्ट्यामागच्या गल्लीतला ‘गलाईवाला’ पुष्कळदा मराठी बोलतो. जुना दागिना वितळवून त्यात सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मिसळायची आणि तो मिश्रधातू तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकायचा, ही शुद्धीकरणाची जुनी रीत. चांदी आणि तांबे विरघळतात, सोने तळाशी काळपट भुकटी होऊन राहते. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवतात. यात भांड्यातून जो तांबूस-तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड.

अमोनिया किंवा गंधकाचा धूर नाकाडोळ्यांना असा झोंबतो की माणूस पळ काढतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात कमी विरघळतो, म्हणून नाक-घशाच्या ओल्या अस्तराला फारसे न छेडता तो खाली वायुकोशांपर्यंत जातो आणि तिथे आम्ल होतो. थोडा खोकला, थोडी छातीची जळजळ, आणि कारागीर काम उरकून घरी जातो. काही तासांनी, कधी रात्री उशिरा, फुप्फुसात पाणी भरू लागते. त्यातून वाचलेल्या काहींना दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा दम लागतो, कारण सूक्ष्म श्वासनलिका व्रणाने बंद होत जातात. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांकडे गेलेला माणूस महिन्यापूर्वीच्या तेजाबाच्या भांड्याविषयी बोलेलच असे नाही. म्हणून धूर जास्त लागलेल्याला बरे वाटत असले तरी दिवसभर वैद्यकीय देखरेखीत ठेवणे आवश्यक असते.

हे ज्ञान नवे नाही. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील वैद्य उलरिख एलेनबोग याने 1473 साली खास सोनारांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली; ती 1524 मध्ये छापली गेली. कोळसा, पारा, शिसे आणि तेजाब यांच्या धुरांपासून सावध राहा, खिडक्या उघड्या ठेवा, तोंड झाका, असे तिचे सांगणे. व्यवसायजन्य आजारांवरच्या सर्वांत जुन्या लेखनात तिची गणना होते, आणि खिडकीबाबतचा तिचा सल्ला आजही सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला आहे.

प्लॅटिनमचा प्रकार पूर्ण निराळा. धातूरूप प्लॅटिनम अंगाला काही करत नाही, पण शुद्धीकरणात तयार होणारे त्याचे क्लोरीनयुक्त क्षार तीव्र दमा उत्पन्न करतात. लंडनच्या डोनाल्ड हंटर आणि सहकाऱ्यांनी 1945 साली चार शुद्धीकरण कारखान्यांतील 91 कामगार तपासले, त्यांपैकी 52 जणांना शिंका, धाप किंवा घरघर होती. इथे शरीराने त्या क्षाराला एकदा ओळखले की ते अगदी किंचित मात्रेलाही उसळते. अशा माणसाला त्या विभागातून कायमचे हलवण्यावाचून इलाज राहत नाही.

एलेनबोगने उघडी ठेवायला सांगितलेली खिडकी बंद का असते, याचे उत्तर धंद्याच्या हिशेबात आहे. वाऱ्याने ज्योत हलते, झाळ बिघडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कानशीचा सोनेरी भुगा उडतो. म्हणून पंखा बंद, दार ओढलेले, मांडीवर कातडे किंवा कापड पसरलेले. हात धुतलेले पाणी साठवतात, फरशीची माती झाडून ठेवतात, आणि ती विकत घ्यायला झारेकरी येतो. तो ती धुऊन, पाऱ्यात कालवून सोने काढतो आणि तो पारा तापवून उडवतो. मुंबईच्या झवेरी बाजारात बंगालहून आलेले कारागीर ज्या खोलीत काम करतात तिथेच रात्री झोपतात, म्हणजे पाळी आठ तासांची राहतच नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस आणि नायट्रस धुराची विषबाधा हे दोन्ही कळवणे बंधनकारक असलेले आजार ठरवले. पण त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून सुरू होत असे. सहा जणांची खोली त्यात बसत नसे.

तोंडाला बांधलेला रुमाल पाच मायक्रॉनच्या कणाला अडवत नाही. एन-95 मुखपट्टी धूळ बऱ्यापैकी अडवते, वायूला नाही. म्हणून उपाय तोंडापाशी करण्यापेक्षा धूळ जिथे जन्मते तिथे करावा लागतो. खडा पाण्याच्या धारेखाली घासला तर धूळ फारच कमी उठते. तेजाबाचे भांडे झाकणाच्या कपाटात ठेवून त्याचा धूर पंख्याने ओढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेता येतो. तो नुसता धुराड्यातून सोडला तर शेजारच्या इमारतीच्या वाट्याला जातो. कोरडा झाडू बंद करून ओले पुसणे हा तर फुकटचा उपाय. वर्षातून एकदा श्वासमापन आणि ठरावीक काळाने एक्स-रे काढला तर दम लागण्याआधीच घट कळते, कारण निरोगी फुप्फुसात राखीव क्षमता इतकी असते की माणसाला स्वतःहून उशिरा जाणवते.

मोठ्या कारखान्यांत पॉलिशच्या मोटरीला शोषक पेटी बसवलेली असते आणि तिची पिशवी महिन्या-दोन महिन्यांनी जाळून सोने काढतात. पेटीचा खर्च बहुधा या सोन्यातूनच वसूल होतो, म्हणून ती पॉलिशच्या टेबलावर सर्वांत आधी आली. खड्याच्या घासणीला आणि कास्टिंगच्या पुडीला ती सर्वांत उशिरा येते, कारण त्या धुळीत परत मिळवण्यासारखे काही नसते.